अति पोषण

पोषण जितकें अधिक तितकें बरें, अशी सर्वसाधारण समजूत असते. गाईचे गर्भ प्रयोगशाळेंत वाढविणाऱ्यांचा अनुभव मात्र निराळा आहे. फलित बीज सुमारें सात दिवस पोषक रसांत वाढवून मग गाईच्या गर्भाशयांत ठेवावयाचें असतें. परंतु पूर्वीं तें आठ-सोळा पेशींवरच बहुधा अडून राही. १९७२ सालीं टर्व्हिट, व्हिटिंगहॅम व रॉसन या संशोधकांनीं मेंढीच्या बीजवाहिनींतील द्रवाच्या धर्तीवर एक कृत्रिम रस सिद्ध केला, आणि प्राणवायु हवेंतल्या २१ टक्क्यांऐवजीं ५ टक्केच ठेवला. पुढें कळून आलें कीं, आरंभीं ग्लुकोज फार झालें तर कोवळ्या गर्भास तें बाधतें. रसांत सीरम घातलें तर गर्भ झपाट्यानें वाढतो खरा. पण त्यांतलीं कांहीं वासरें इतकीं थोराड होतात कीं, वितांना गाय व वासरूं दोघांचाही जीव धोक्यांत यावा! तेव्हां आईच्या कुशींत जें, जेव्हां, जितकें मिळतें, तेंच त्या मापानें देणें, ही खरी सुधारणा ठरली. मुलांवर एकदम सारें ज्ञान ओतूं पाहणाऱ्या आम्हां शिक्षकांनीं आणि वाचक पालकांनींही हें माप ध्यानांत ठेवावें, असें आम्हांस वाटतें.