सव्वीस गुणांच्या आजी

बी. ए. ला मी मानसशास्त्र घेतले तेव्हा आमच्या गल्लीत माझा भाव एकदम वधारला. "सांग बरं माझ्या मनात काय चाललंय!" असे म्हणून शेजारच्या काकू समोर येऊन बसायच्या. मीही गंभीर चेहरा करून काहीतरी ठोकून द्यायची. मनाच्या या शास्त्रात मध्यमान, प्रमाण विचलन आणि सहसंबंध गुणांक दबा धरून बसले आहेत, याची कल्पना ना काकूंना होती, ना मला. गणिताला रामराम ठोकून कला शाखेत आलेल्या आम्हा मुलींना तृतीय वर्षाच्या संशोधन पद्धतींनी बरोबर गाठले.

"संख्यात्मक पद्धत 'किती' ते विचारते, गुणात्मक पद्धत 'कसे' आणि 'का' ते विचारते," असे सरांनी पहिल्याच तासाला सांगितले. मी ते वाक्य वहीत दोनदा अधोरेखित केले. पण त्याचा खरा अर्थ कळला तो प्रकल्प करताना, आणि तोही हातून एक लबाडी घडल्यावर. ती लबाडी सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रकल्पाचा विषय शोधायला लांब जावे लागले नाही. सतराव्या शतकात मलिक अंबराने नहरी बांधून ज्या शहरात पाणी खेळवले, त्याच शहरात आमच्या नळाला कित्येक दिवसांच्या खंडाने पाणी येत होते. तिकडे पैठणला नाथसागर, आणि इकडे 'नळाचा दिवस' कधी उजाडतो म्हणून हंडे, कळशा, ड्रम मांडून बसलेल्या बायका! 'पाण्याची अनिश्चितता आणि गृहिणींवरील मानसिक ताण' हा विषय ठरला. ज्या घरी साठवणीची टाकी नाही, त्या घरच्या गृहिणीला ताण अधिक असेल, असा अभ्युपगम मांडला.

लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली मांडलेल्या पद्धतीने मी प्रश्नावली तयार केली. विधाने वीस, प्रत्येकापुढे 'नेहमी'पासून 'कधीच नाही'पर्यंत पाच पर्याय. कमीत कमी गुण २०, जास्तीत जास्त १००. सरांच्या सूचनेवरून सहा विधाने उलट्या अर्थाची घातली. 'नळाच्या आदल्या रात्रीही मला शांत झोप लागते' हे त्यांतले एक. अशा विधानांचे गुण उलटे मोजायचे. उत्तर देणारीने न वाचताच खुणा केल्या, तर ते त्यातून उघडे पडते.

चाळीस गृहिणींचा नमुना होता. छत्तीस प्रश्नावल्या भरून झाल्या आणि चार राहिल्या. एका घराला कुलूप, दोघींचे 'नंतर ये', आणि चौथ्या घरी एकट्या राहणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या एक आजी. त्यांना सगळे वाचून दाखवायला तासभर लागला असता. दुसऱ्या दिवशी सरांना माहिती दाखवायची होती. रात्री मी चारही प्रश्नावल्या स्वतःच भरल्या! दोन रंगांची पेने वापरली. एका कागदावर चहाचा थेंबही पडू दिला. आजींच्या घरी टाकी नव्हती, म्हणून त्यांना मी ८४ गुणांचा ताण बहाल केला.

सरांनी तक्त्यावरून बोट फिरवत आणले आणि ते नेमके त्या चार ओळींवर थांबले. "या चौघी कोण?"

माझ्या पोटात गोळा आला. सर शांतपणे म्हणाले, "बाकीच्या छत्तीस जणी कुठे ना कुठे स्वतःशीच भांडल्यात. एकीला काळजीने झोप येत नाही, आणि पुढे तीच म्हणते शांत झोप लागते. खरी माणसं अशीच असतात. या चौघी मात्र एकदाही भांडलेल्या नाहीत. तुझ्या अभ्युपगमाला हव्या तशा वागल्यात."

सर रागावले नाहीत. त्यांनी प्रशांतचंद्र महालनोबिस यांची गोष्ट सांगितली. बंगालमधील तागाच्या पिकाची नमुना पाहणी करताना महालनोबिस एकाच भागाची माहिती दोन वेगवेगळ्या तुकड्यांकडून स्वतंत्रपणे गोळा करवीत. दोघांच्या आकड्यांत तफावत पडली की चूक कोठे आहे याचा शोध घेता येई. "माणूस चुकतो हे धरून चालायचं, म्हणून पद्धत लागते," सर म्हणाले. मी ते चार कागद फाडले आणि पुन्हा गल्लीत गेले.

तीन प्रश्नावल्या दोन दिवसांत भरून झाल्या. मग आजींच्या उंबऱ्यावर बसून मी एकेक विधान वाचू लागले. "पाण्याच्या काळजीने माझी चिडचिड होते." आजी म्हणाल्या, "कधीच नाही." "पाण्यामुळे माझी इतर कामे अडतात." "कधीच नाही. अगं पोरी, पाणी भरायचं त्याला ताण कशाचा? लहानपणी आडाचं ओढलं, आता नळाचं भरते." बेरीज झाली २६!

मग मी वही मिटली आणि नुसत्या गप्पा मारत बसले. बोलता बोलता आजी दोनदा उठून मोरीकडे जाऊन आल्या. नळाची तोटी उघडीच होती. खाली पत्र्याची बादली. पाणी आले की आवाज व्हावा म्हणून. रात्रीही तशीच ठेवतात. लेक कुठे दिली, असे विचारले तर म्हणाल्या, "पैठणला. दोन वर्षं झाली, मुक्कामाला गेले नाही. नळाच्या दिवशी घराला कुलूप असून कसं भागेल?"

लेक नाथसागराच्या काठी, आणि आई इथे थेंबाच्या आवाजासाठी कान देऊन बसलेली!

मी धावतच सरांकडे गेले. म्हटले, "सर, आजींचे गुण बदलायला हवेत. त्यांना 'ताण' हा शब्दच कळला नाही. सव्वीस नव्हे, नव्वद हवेत." सर हसले. "परवा चौऱ्याऐंशी दिलेस, आज नव्वद देतेस. त्या बिचाऱ्यांना बोलू कधी देणार?"

हे बोलणे मनाला लागले. परवा आळसाने आणि आज कळवळ्याने, दोन्ही वेळा मी त्यांच्या तोंडी माझेच शब्द घालायला निघाले होते.

सरांनी वर्गात सांगितलेला मारिएन्थालचा अभ्यास तेव्हा आठवला. ऑस्ट्रियातील या गावची कापडगिरणी बंद पडली. मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील बेकारीचा अभ्यास करून तो १९३३ साली प्रसिद्ध केला. त्यांनी घरोघरच्या जेवणाच्या नोंदी घेतल्या, रस्त्याने चालणाऱ्यांचा वेग मोजला आणि लोकांच्या जीवनकहाण्याही लिहून घेतल्या. रिकामा वेळ भरपूर, तरी वाचनालयातून नेलेली पुस्तके घटली, हे मोजणीतून कळले. त्यामागची खचलेली मने बोलण्यातून कळली. एकाने दुसऱ्याला खोडले नाही.

मीही तसेच केले. तक्त्यात २६ हाच आकडा राहिला. ८४ च्या जागी तो आल्याने एकट्या आजींमुळे चाळीस जणींचे मध्यमान जवळजवळ दीडने खाली आले, आणि माझा अभ्युपगम आणखी लंगडा झाला. शेजारी मुलाखतीच्या भागात उघडी तोटी, पत्र्याची बादली आणि पैठणची लेक लिहिली. माझी मापनश्रेणी ताण मोजते की 'ताण' हा शब्द, हा सप्रमाणतेचा प्रश्न निष्कर्षात नोंदवला. त्याचे उत्तर मला देता आले नाही.

पुढल्या वर्षी प्रकल्प करणाऱ्या मैत्रिणींनो आणि मित्रांनो, शेवटच्या चार प्रश्नावल्या राहतात तेव्हा रात्र फार मोहाची असते. त्या भरू नका. उरलेल्या चौघींत कदाचित तुमची आजी असेल.

आता काकू समोर येऊन बसल्या, की मी काही ठोकून देत नाही. "तुम्हीच सांगा," म्हणते आणि ऐकत बसते.