रिकाम्या तराजूची ग्वाही

तराजूची परीक्षा रिकाम्या पारड्यांवर होते अशी सर्वसाधारण समजूत आहे. दांडी आडवी राहिली आणि मधला काटा सरळ उभा राहिला की गिऱ्हाईक निर्धास्त होते. परंतु ज्याची हयात तोलण्यात गेली आहे तो या ग्वाहीवर विसंबत नाही, आणि त्याचे कारण तराजूच्या घडणीतच आहे. बुलडाणा जिल्ह्यातील खामगाव हे गाव कापूस आणि चांदी या दोन मालांमुळे नावारूपाला आले, त्यामुळे तोलण्याच्या कसबाची दोन टोके तेथे एकाच बाजारपेठेत पाहावयास मिळतात.

तराजूतील दोष मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला दोष पारड्यांचा: एक पारडे दुसऱ्यापेक्षा किंचित जड असते किंवा साखळीची एखादी कडी बदललेली असते. अशा वेळी हलक्या बाजूला खडा, पत्र्याचा तुकडा किंवा तारेचा वेढा लावून दांडी आडवी करतात. या भरीच्या वजनास पासंग म्हणतात. दुसरा दोष भुजांचा, म्हणजे मधल्या टेकूपासून दोन्ही टोकांपर्यंतच्या अंतरांचा. ही अंतरे असमान असली तरी पासंग लावून रिकामी दांडी बिनदिक्कत आडवी करता येते, आणि खरी गोम येथेच आहे. पासंग ठरावीक वजनाचा असतो, तर असमान भुजांमुळे पडणारी तफावत मालाच्या वजनाबरोबर वाढत जाते, म्हणून रिकामा असताना निष्पाप दिसणारा तराजू भरल्यावर खोटे बोलतो, आणि तेही ठरावीक प्रमाणात, दर वेळी एकाच बाजूने. काटा मारणाऱ्याला याहून सोयीचे साधन नाही.

यावरचा उपाय मात्र विलक्षण साधा आहे. माल आणि वजने यांची पारडी अदलाबदल करून पुन्हा तोलावे. भुजा समान असतील तर दोन्ही वजने जुळतील. एका बाजूने १००० ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूने १०२० ग्रॅम भरले, तर खरे वजन या दोहोंच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे जवळजवळ १०१० ग्रॅम असते. दुसरी रीत याहूनही सरळ आहे: माल एका पारड्यात ठेवून समोर वाळू किंवा छर्रे घालून काटा सरळ करावा, मग माल काढून त्याच जागी प्रमाणित वजने ठेवीत जावे. येथे भुजा कितीही वाकड्या असल्या तरी बिघडत नाही, कारण माल आणि वजने एकाच भुजेच्या तावडीतून गेलेली असतात. सदोष साधनाने निर्दोष वजन घेता येते, एवढेच नव्हे तर ते ज्याला जमते त्यालाच तोलणारा म्हणावे.

चांदीच्या पेढीवरील प्रश्न निराळा असतो. जुन्या कोष्टकात ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. तोळा साधारण ११.६६ ग्रॅम धरला तर गुंज ०.१२ ग्रॅमच्या आसपास येते. एवढ्याशा फरकाने काटा हलावयाचा तर दांडीचा गुरुत्वमध्य टेकूच्या खाली, पण त्याच्या अगदी लगत असावा लागतो; मात्र तो जितका लगत, तितकी दांडी अधिक काळ संथपणे झुलत राहते. म्हणून नाजूक काटा काचेच्या पेटीत, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर ठेवतात, आणि सराईत माणूस तो थांबण्याची वाट न पाहता दोन्ही बाजूंचे झोके सारखे पडतात की नाही हे पाहून वजन ठरवतो. हाच काटा धान्याच्या अडतीवर नेला तर दिवसभरात दहा पोती तोलून होणार नाहीत.

कापसाच्या व्यवहाराला नाजूकपणा परवडतच नाही. जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा १८७० मध्ये आला तो प्रामुख्याने कापसासाठी, आणि वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी १८९७ साली स्वतंत्र कायदा झाला. आता भरलेली गाडी भुईकाट्यावर, म्हणजे जमिनीत बसवलेल्या मोठ्या वजनकाट्यावर, चढते, मग रिकामी चढते आणि दोन आकड्यांची वजाबाकी होते. काट्याचे शून्य सरकलेले असले तरी ही चूक दोन्ही वेळा सारखीच येऊन वजाबाकीत गळून जाते. प्रमाणातली चूक मात्र तशीच राहते, आणि तिची बरोबरी जुन्या तराजूच्या असमान भुजांशीच करावी लागेल. शिवाय कापूस हवेतील ओल शोषतो, त्यामुळे काटा अचूक असूनही माल सकाळी जड आणि उन्हात हलका भरतो. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा आधारभूत धरून त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात होते, ती याच कारणाने.

वैधमापनाच्या २०११ च्या नियमांनुसार वजने आणि दांडीचे तराजू यांची फेरतपासणी दोन वर्षांनी, तर इलेक्ट्रॉनिक काट्यांची दर वर्षी करून घ्यावी लागते. आकडे झळकवणाऱ्या यंत्रावर गिऱ्हाईक अधिक विश्वास ठेवते आणि कायदा कमी, ही विसंगती सकारण आहे, कारण इलेक्ट्रॉनिक काट्यात अदलाबदल करून पाहण्यास दुसरे पारडेच नसते. तेथे शंका फिटावयाची तर प्रमाणित वजन मागून तेच ठेवून पाहावे लागते, आणि ते मागण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे हे बाजारात फार थोड्यांच्या लक्षात असते.