मामाची पोर्श आणि एक ए-फोर कागद

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटछाप आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. विषय मात्र मेकॅनिकलवाल्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. टायर!

आमच्या मामाचं भोसरीत छोटंसं वर्कशॉप आहे. तीस वर्षं लोकांच्या गाड्यांसाठी बुश आणि पिना बनवल्यावर त्याने गेल्या वर्षी स्वतःसाठी एक सेकंडहँड पोर्श बॉक्स्टर घेतली. दोनच सीट, आणि इंजिन सीटच्या मागे. मामी तिला ‘सवत’ म्हणते. दर रविवारी मामा या सवतीला घेऊन आजीला भेटायला वाईला जातो. म्हणजे खंबाटकी आलीच, आणि पाऊस असो नसो, मामाचा रविवार चुकत नाही. मे महिन्यात मागचे टायर पार गोटा झाले आणि पुढचेही त्याच वाटेवर होते. लगेच फोन आला, “काय गं इंजिनिअर, एवढी फी भरतोय ना तुझा बाप? मग टायर निवडून दे.”

निवडायला बसले आणि अकरावीचं फिजिक्स आडवं आलं. घर्षण म्हणजे म्यू गुणिले एन, त्यात क्षेत्रफळाचा काही संबंध नाही, असं आपण घोकलंय. मग या गाडीला पुढे २३५ मिलिमीटर आणि मागे २६५ मिलिमीटर रुंद टायर कशाला? कारण रबर ते सूत्र पाळत नाही. टायरवरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून भार जास्त रबरावर पसरवायचा. इंजिन मागे, चालती चाकं मागची, म्हणून रुंदीही मागे.

आणखी एक गंमत. टायर रस्त्याला किती टेकतो हे बरंचसं हवेच्या दाबावर ठरतं. मामा-मामी बसून गाडी दीड टन धरा, म्हणजे चाकावर सरासरी ३७५ किलो. दाब ३३ पीएसआय. ढोबळ भागाकार केला तर एका चाकाखाली साधारण १६० चौरस सेंटिमीटर येतात. चारही मिळून एका ए-फोर कागदाहून जेमतेम मोठी जागा! आपण ज्यावर जर्नल लिहितो तेवढ्याच जागेवर आख्खी पोर्श, मामा आणि (तयार झाली तर) मामी घाट ओलांडणार. हे मी मामाला सांगितलं. तो म्हणाला, “मग कागद चांगला घ्यायचा.”

पुण्यातल्या एका दुकानदाराने (नाव सांगत नाही) मामाला ‘कागद’ दाखवला होताच. सेमी-स्लिक टायर, निम्म्या किमतीत. “साहेब, रेसिंगवाले हेच वापरतात.” मामा विरघळला. मी खाली बसून साइडवॉल वाचली. शेवटचे चार आकडे ११२० होते. म्हणजे २०२० सालचा अकरावा आठवडा. रबर पडून पडूनही म्हातारं होतं. दुकानदार म्हणाला, “ताई, तो बॅच नंबर आहे.” बॅच नंबर नाही, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल, हे मी त्याला शांतपणे सांगितलं. मामा गालात हसला, पण सूट काही त्याच्या डोक्यातून जाईना.

अगदी ताजा माल असता तरी सेमी-स्लिक नकोच होता. हा टायर तापल्यावर खरा चिकटतो. ट्रॅकवर दोन-तीन राउंडमध्ये तापेल, पण भर पावसात वाईच्या रस्त्यावर कसला तापतोय? शिवाय नक्षी कमी. साध्या स्पोर्ट्स टायरला नवीन असताना सात-आठ मिलिमीटर खोल नक्षी असते. ती शोभेची नसते, पाणी बाहेर काढायला असते. रस्त्यावरचं पाणी नक्षीला झेपेनासं झालं की टायर त्यावर तरंगतो. मग स्टिअरिंग हातात आणि गाडी देवाच्या.

१९६३ साली नासाच्या हॉर्न आणि ड्रेहर यांनी यावर एक सोपं सूत्र दिलं. पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले ९, उत्तर नॉटमध्ये. ३३ पीएसआयला ते ताशी ९६ किलोमीटरच्या आसपास येतं. सूत्र विमानाच्या टायरवरून आलंय, गाडीला तंतोतंत लागू नाही. रुंद टायर तर याच्याही आधी तरंगू शकतो. म्हणजे कोरड्यात ज्या रुंदीचं कौतुक, तीच पावसात अंगाशी येते. हे गणित मी कागदावर करून मामाला दिलं. त्याने ते बघितलं आणि काही न बोलता मामीकडे सरकवलं. मामीला नॉट वगैरे कळलं नाही, पण तिने विचारलं, “हायवेला तू ९६ च्या खाली असतोस कधी?” मामाकडे उत्तर नव्हतं. सूट तिथेच संपली.

मग उरलं काय? ओल्या रस्त्यावर पकड देणारा, सिलिका असलेला समर टायर. ‘समर’ नावावर जाऊ नका. तो सात अंशांच्या खाली कडक होतो आणि पुण्यात तेवढी थंडी पडली तर आपण लेक्चरलाच जात नाही. स्पीड रेटिंग वाय, म्हणजे ताशी ३०० किलोमीटर. पुण्यात ३०० चा आकडा फक्त रिक्षावाल्याच्या तोंडी ऐकू येतो, पण तेवढी उष्णता सोसणारी बांधणी आत असते, म्हणून घ्यायचा. आणि साइडवॉलवर एन हे अक्षर व पुढे आकडा. म्हणजे पोर्शने स्वतःच्या गाडीवर तपासून मान्य केलेला. मामा म्हणाला, “मीही माझ्या मालावर क्यूसीचा शिक्का मारतोच की.” पटलं त्याला.

माल यायला पाच आठवडे लागले. बिल झालं माझ्या दोन वर्षांच्या मेसएवढं, फीस्टसकट. तेवढ्या वेळात मामा चार रविवार एसटीने वाईला गेला. आजी भलतीच खूश. म्हणाली, गाडीवाला मुलगा तासाभरात पळतो, एसटीवाला जेवून जातो.

टायर परवा बसले. नवीन टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश असतो, म्हणून सुरुवातीचे काही किलोमीटर जपून चालवायची. मी सावधपणे ३०० म्हटलं. मामीने ते वहीत लिहून ठेवलंय आणि रोज संध्याकाळी स्वतः मीटर वाचते. ३०० झाले की येत्या रविवारी ती पहिल्यांदा सवतीत बसून वाईला जाणार आहे. काल रात्री तिचा मेसेज आला, २१२.