आखाजीची घागर

वसंतऋतूविषयी लिहावयास बसलेला लेखक बहुधा कोकिळेपासून आरंभ करतो. आम्ही पडलो खानदेशचे. आम्हांस ती सोय नाही. आमच्याकडे होळी विझते न विझते तोच ऊन तापू लागते, चैत्रात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि वैशाखात भर दुपारी जळगावच्या रस्त्यावर कुत्रेदेखील सावली सोडीत नाही. तथापि आमच्या जिव्हाळ्याचे कितीतरी सण नेमके ह्याच उन्हात येतात.

फाल्गुनात होळीपूर्वीच्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल, शिरपूर ह्या भागांत, भोंगऱ्या बाजार भरतात. पावरा मंडळी ढोल घेऊन डोंगरातून उतरतात, होळीचे सामानसुमान घेतात आणि नाचतात. शहरी लेखकांनी ह्या बाजारास पुष्कळदा लग्ने जुळविण्याचा बाजार ठरविले. तो समज खरा नव्हे, आणि त्या लोकांस तो रुचतही नाही. चैत्री पौर्णिमेस धुळ्यास पांझरेच्या काठी एकवीरा देवीची यात्रा भरते, आणि त्याच सुमारास सप्तशृंगीच्या गडाकडे खानदेशातून पायी निघालेल्यांची रांग लागते. पण ह्या सर्वांहून आम्हांस जवळची ती आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया.

इतरत्र हा दिवस सोनेखरेदीचा; आमच्याकडे तो लेकींचा, पितरांचा आणि सालदारांचा. लेकी माहेरी येतात, घरात गौराई बसते, निंबाच्या फांदीस झोके बांधले जातात आणि उन्हे कलली की गाण्यांस सूर लागतो. खापरावर मांडे भाजले जातात; सोबत आमरस. पितरांसाठी मातीची घागर पाण्याने भरून तिच्यावर आंबा वा डांगर ठेवतात (डांगर म्हणजे खरबूज, भोपळा नव्हे). सालदाराचे साल ह्याच दिवशी भरते आणि नवा करार ठरतो. आणखी एक रीत सांगावयास हवी: एरवी पानांना हात लावू न देणारी घरेही आखाजीच्या दिवसांत जुगाराकडे काणाडोळा करतात.

आसोद्यास १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी ह्यांच्या गाण्यांत आखाजी आहे आणि माहेरही आहे. ती गाणी पुस्तकरूपाने १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, निघाली. त्यांचे सासर जळगावास, म्हणजे माहेरापासून अगदी जवळ. तरी माहेराची ओढ त्यांच्या शब्दांत केवढी! अंतर कोसांनी मोजण्याची वस्तू नव्हे, हे आम्हांस फार उशिरा कळले.

आमच्या थोरल्या बहिणीचे सासर धुळ्यास. आमचे गाव गिरणेकाठी, जळगावपासून जवळच. आखाजीपूर्वी तिला आणावयास जाणे हे भावाचे, म्हणजे आमचे, काम. जळगावहून चाळीसगाव आणि तेथून फाट्याच्या गाडीने धुळे, असा तो प्रवास. एका साली आम्ही स्टेशनावर जाण्याऐवजी मित्राच्या ओसरीवर पानांच्या डावास बसलो. सायंकाळची गाडी गेली. दुसऱ्या दिवशीचीही गेली, कारण आदल्या रात्री आमचा हात चांगला लागला होता. आमचा सालदार मात्र दोनदा ओसरीपाशी येऊन उभा राहिला. त्याचे साल भरत आले होते, त्यास आमच्या घरच्या मुऱ्हाळीपणाशी काय कर्तव्य? तरी तो म्हणाला, "भाऊ, मी जाऊ का बाईले लेवाले?" भावावाचून लेक कशी पाठवतील, असे म्हणून आम्ही त्यास परतविले.

बहीण तिकडे दोन संध्याकाळी पेटी भरून ओट्यावर बसली होती, हे पुढे तिच्या शेजारणीकडून समजले. विचारणारास ती "गाडी चुकली असेल" एवढेच सांगे. पुढल्या साली आम्ही वेळेवर गेलो. गाडीत ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती, मग म्हणाली, "मागल्या आखाजीला किती हरलास रे?"

आम्ही जिंकलो होतो. ते सांगण्याचे धैर्य झाले नाही.

ती जाऊन आता बरीच वर्षे झाली. तिची घागर तिचा मुलगा भरतो. सासरी गेलेल्या लेकीची घागर माहेरी भरावयाची नसते. आमच्या पत्नीने एकदा सुचविले की, एक लहानशी घागर आपणही ठेवू, कोण विचारतो? आम्हांस ते पटले नाही. जिला न्यावयास गेलो नाही, तिने पाण्यासाठी आपण होऊन आमच्याकडे यावे, हे कोणत्या तोंडाने म्हणावे?

म्हणून अलीकडे आखाजीस सकाळी घरच्या घागरी भरून आम्ही धुळ्याची मोटार धरतो. भाचा घागरीवर आंबा ठेवतो, आम्ही शेजारी डांगर ठेवतो. तिला ते अधिक आवडे. ओट्यावर थोडे बसतो. सून मांडे वाढते, आग्रह करते, आणि "मामा, एवढ्या उन्हाचे कशाला आलात?" असे दरसाल न चुकता विचारते. रात्री घरी परततो तेव्हा आमच्या ओसरीवर पोरांचा डाव रंगात आलेला असतो. ती सरकून आम्हांस जागा करून देतात. कधी आम्ही बसतो, कधी बसत नाही.