पौषातील खरखर

हिवाळ्यात खानदेशातील हवा इतकी कोरडी होते, की लोकरी शाल अंगावरून काढताना अंधारात बारीक ठिणग्या दिसतात आणि दाराच्या लोखंडी कडीला हात लावताच बोटाला झटका बसतो. ही घर्षणाने साचणारी स्थिर विद्युत होय. पावसाळ्यात हवेतील ओलावा तिला साचू देत नाही. थंडीत मात्र ती वस्तूंवर टिकून राहते.

जळगावातील एका धान्य व्यापाऱ्याच्या घरी याच विजेने एक ठेवा जवळजवळ गमावला होता. दिवंगत बाबूजींनी जमविलेल्या सत्तर-ऐंशी तबकड्या लावल्या, की गाण्याआड टकटक आणि खरखर ऐकू येई. तबकड्या झिजल्या, असे ठरवून धाकट्या मुलाने जुन्या वस्तूंच्या खरेदीदाराशी सरसकट भावही बोलला. आई एवढेच म्हणाली, ‘‘हे लावत असत, तेव्हा असा आवाज येत नसे.’’

थोरल्या सुनेने मग लक्षपूर्वक ऐकले. मोठी तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास १.८ सेकंद लागतात. ओरखडा असेल, तर त्या जागी आवाज दर फेऱ्याला ठरावीक अंतराने येतो. येथे तो अवेळी, कोठेही येत होता. दोष तबकडीच्या खाचेत नसून तिच्यावर साचलेल्या विजेत आणि त्या विजेने ओढून घेतलेल्या धुळीत होता. ही वीज सुईकडे उडी घेते आणि ॲम्प्लिफायर तोच सूक्ष्म आवाज मोठा करून ऐकवितो.

कारणेही घरातच सापडली. बाबूजींच्या काळी खोलीत सुती सतरंजी असे. आता नायलॉनचा गालिचा होता. ते तबकडी किंचित ओलसर मलमलीने, खाचेच्या दिशेने पुसत. पुढे ती कोरड्या टेरिकॉटने घासली जाऊ लागली. तबकडीचे प्लास्टिक कोरडे घासले, की धूळ जाते थोडी आणि वीज वाढते अधिक.

उपाय खर्चाचे नव्हते. गालिचा निघाला, सतरंजी परत आली. प्लेयरची अर्थिंगची तार निखळली होती, ती ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला घट्ट केली. वाजविण्यापूर्वी फिरत्या तबकडीवर कार्बन तंतूंचा मऊ ब्रश हलकेच टेकवू लागले. हे तंतू वीज वाहून नेतात. यंत्रास स्पर्श करण्याआधी खिडकीच्या गजाला हात लावण्याची सवय मुलांनाही लागली. कारण माणसाला न जाणवणारी ठिणगीदेखील नाजूक सुट्या भागांना बाधू शकते.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना स्पिरिट मात्र लावू दिले नाही. त्या लाखेपासून केलेल्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

महिनाभरात एकेक तबकडी तपासून झाली. खरोखर ओरखडे पडलेल्या अकराच निघाल्या. धान्याचे पोते बंबी मारून नमुना पाहिल्याशिवाय ज्या पेढीत कधी घेतले गेले नाही, तेथे वडिलांचा ठेवा मात्र न तपासताच विकला जाणार होता, ही गोष्ट धाकट्याने स्वतःच बोलून दाखविली. खरेदीदारास निरोप गेला. तबकड्या आता बाबूजींच्या कपाटात उभ्या लावलेल्या आहेत आणि मलमलीचा तुकडा शेजारी घडी करून ठेवलेला असतो.