७५ टक्क्यांची दुरुस्ती



मागच्या पंधरवड्यात इथं लिहिलं होतं की कपाशीवरचे फुलकिडे फवारणीनं ७५ टक्के कमी झाले. औषधाच्या बाटलीचा फोटो पण टाकला होता. आकडा खोटा नाही, वहीत आहे. पण त्याचा मी लावलेला अर्थ चुकला. ती पोस्ट वाचून शेजारच्या गावातल्या एका भावानं तेच औषध उधारीवर आणलं, म्हणून आज हे लिहितोय.

फवारणीच्या दिवशी सकाळी रानाच्या मधोमध १० झाडं धरली. प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं, खालचं असं ३ पानं, भिंग लावून. ३० पानांवर ३६० फुलकिडे, म्हणजे पानामागे १२. पानामागे १० च्या वर गेले की फवारा, असं आपल्याला सांगतात, म्हणून पंप काढला. पाचव्या दिवशी तीच झाडं मोजली तर ९०. पानामागे ३. मी खूश.

पुतण्या कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत आला, वही चाळली आणि म्हणाला, "काका, न फवारलेल्या ओळी कुठं आहेत?"

म्हटलं, सगळंच फवारलंय. मग आठवलं. धुऱ्याकडच्या सहा ओळी राहिल्या होत्या. टाकीतलं पाणी संपलं, आभाळ भरून आलं, बैल घरी न्यायचे होते. राहिलं ते राहिलंच. पण तिकडची १० झाडंही मी सवयीनं दोन्ही वेळा मोजली होती, नुसती हिशोबात धरली नव्हती. तिथं आधी ३००, नंतर १२०. पानामागे १० चे ४. औषधाचा थेंब नाही आणि ६० टक्के कमी!

तिसऱ्या दिवशी रात्री जोराचा पाऊस झाला होता. पावसाच्या माऱ्यानं फुलकिडे धुऊन जातात हे मला काय माहीत नव्हतं? पण खर्च केलेला माणूस पावसाला श्रेय देत नाही.

मग मी ७५ मधून ६० वजा केले, औषधाचे १५ टक्के म्हणालो. पुतण्या म्हणाला तसं नाही काका. न फवारता १० चे ४ राहिले. त्याच मापानं मधल्या ओळीतल्या १२ चे ४.८ राहिले असते. राहिले ३. म्हणजे ४.८ मधले १.८ औषधानं गेले, साडेसदतीस टक्के. हेंडरसन आणि टिल्टन या दोघांनी १९५५ साली गव्हावरच्या कोळी किडीच्या प्रयोगात हा हिशोब मांडला. त्याच्याही आधीचं, १९२५ चं, ॲबटचं सूत्र आहे, पण ते सुरुवातीला सगळीकडं कीड सारखी असेल तिथं चालतं. माझ्याकडं एकीकडं १२, दुसरीकडं १०.

हे साडेसदतीस पण पक्के धरू नका. पावसानं औषधही धुतलं असेल. धुऱ्यावर लिंबाची सावली पडते. एकाच पट्ट्याची गोष्ट आहे ही. आणि मला जास्त टोचलं ते वेगळंच, न फवारलेल्या ओळीही १० च्या खाली आल्या होत्या. आपण पंप काढतो तो कीड सगळ्यात जास्त दिसते तेव्हा. त्यानंतर बऱ्याचदा ती आपसूक उतरणार असते. ताप उतरायच्या दिवशी घेतलेल्या गोळीसारखं.

औषध वाईट आहे असं मी म्हणत नाही. फोटो मात्र काढून टाकलाय.

त्या भावाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दादा, पण माझ्याकडं खरंच ७० टक्के कमी झाले." पाऊस त्याच्याकडंही त्याच रात्रीचा. न फवारलेली ओळ एकही नाही.

यावेळी मी रानात चार जागी ओळी सोडल्यात, दोन मधोमध, दोन कडेला. काठ्यांना लाल फडकी बांधलीत. येणारे-जाणारे विचारतात, कुणाचं लग्न आहे का. शनिवारी मोजणी आहे, येईल तो आकडा टाकतो.