फ्रायबुर्ग हरलं ती फायनल

आज खोडव्याचं, हुमणीचं काही नाही. आज फुटबॉल. आमच्या कोल्हापूर भागात त्याला कारण लागत नाही. बाकीच्यांनी एवढंच धरून चला, की यात सभासद, मतं आणि मालकी हे आपल्या रोजच्या वादातलेच शब्द येणार आहेत.

२१ मे २०२२. बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये जर्मन कपची फायनल, एस. सी. फ्रायबुर्ग विरुद्ध आर. बी. लाइपझिग. आपल्याकडं रात्रीचे साडेअकरा. शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती, त्यामुळं एका हातात खोरं, एका हातात मोबाईल.

फ्रायबुर्ग हे ब्लॅक फॉरेस्टच्या कडेचं शहर. क्लब १९०४ चा, सभासदांचा. कपच्या फायनलला पहिल्यांदाच आलेला. प्रशिक्षक क्रिस्टियान श्ट्राइख, आईबापाचं खाटकाचं दुकान. २०१५ ला संघ खालच्या विभागात गेला तरी क्लबनं त्याला काढलं नाही, आणि पुढच्याच वर्षी त्यानं संघ परत वर आणला.

लाइपझिग २००९ चं. रेड बुल कंपनीनं पाचव्या विभागातल्या एका छोट्या क्लबचा खेळायचा परवाना घेऊन उभं केलेलं. जर्मनीत नियम असा, की पैसा कुणीही घालावा, पण निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या संस्थेकडंच पाहिजेत. यांनी नियम पाळला, फक्त मताचा हक्क असलेले सभासद मूठभरच ठेवले. क्लबला कंपनीचं नाव देता येत नाही, म्हणून आर. बी. म्हणजे 'राझेनबालश्पोर्ट', हिरवळीवरचा चेंडूखेळ! वार्षिक सभेत पंधरा मिनिटांत 'मंजूर, मंजूर' ऐकलेल्या माणसाला यात नवल वाटायचं नाही.

मी कुणाच्या बाजूनं होतो ते कळलंच असेल.

१९ व्या मिनिटाला एगेश्टाइननं गोल केला. ५७ व्या मिनिटाला होलर गोलकडं सुटला होता, त्याला पाडलं म्हणून लाइपझिगच्या हाल्स्टेनबेर्गला लाल कार्ड. एक गोलनं पुढं, समोर दहाच माणसं. मी मनातल्या मनात कप घेऊन टाकला. ७६ व्या मिनिटाला एन्कुन्कूनं बरोबरी केली. जादा वेळेतही १-१ च. फ्रायबुर्गनं धडका मारल्या, पण चेंडू आत जाईना.

मग टायब्रेकर. याला नशिबाचा खेळ म्हणणाऱ्यांनी आधीची पद्धत ऐकावी. १९६५ ला युरोपियन कपमध्ये कोलोन आणि लिव्हरपूल तीन मॅचनंतरही बरोबरीत राहिले, तेव्हा निकाल टॉसवर लावला. पहिला टॉस चिखलात उभाच रुतला, दुसऱ्यांदा उडवावा लागला, आणि कोलोन घरी गेलं. त्यापेक्षा अकरा मीटरवरून पायानं मारून हरलेलं बरं.

फ्रायबुर्गचा पहिला फटका पेटरसनचा, आत. दुसऱ्याला कर्णधार ग्युन्टर आला. फ्रायबुर्गच्याच पोरांच्या संघातून वर आलेला गडी. त्यानं चेंडू दांडीवरून घालवला. कायटलनं मारला, पण चौथा देमिरोविचचा, आडव्या दांडीवर. लाइपझिगचे चारही आत. ४-२. पाचव्याची गरजच पडली नाही. दोन वाजून गेले होते, आणि सरी भरून पाणी पलीकडं निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी 'पैसा जिंकला' असं बरंच वाचलं. मला ते पटत नाही. तासाभराहून जास्त वेळ दहा जणांनी किल्ला लढवला, ते छातीचं काम आहे. २०१९ आणि २०२१ च्या फायनल हरून ते तिसऱ्यांदा आले होते. आणि माणूस जादा असून गोल होत नसेल तर तक्रार टायब्रेकरची कशी? त्यांचा कारभार मला आवडत नाही, ते वेगळं. त्या रात्रीचा कप त्यांचाच.

पुढच्या हंगामात फ्रायबुर्गचा कर्णधार ग्युन्टरच होता. एप्रिल २०२३ ला उपांत्यपूर्व फेरीत ते म्युनिकला बायर्नच्या घरी गेले. १-१ असताना अगदी शेवटी पेनल्टी मिळाली. होलरनं ती शांतपणे आत घातली, बायर्न बाहेर. उपांत्य फेरीत समोर कोण, तर पुन्हा लाइपझिग, तेही फ्रायबुर्गच्या मैदानात. या वेळी टायब्रेकरपर्यंत गेलंच नाही. १-५.